लुसेटचा आठवा मार्ग

लुसेट शास्तांला मी चाळीस वर्षं ओळखते आणि त्यातली निदान दहा तिच्याशी भांडण्यात गेली असतील. म्हणून तिच्याबद्दल मी सांगते ते खरं माना. गोड बोलणाऱ्यांना विचाराल तर ते तिला देवी करून ठेवतील. देवी-बिवी काही नाही. बाई हट्टी आहे, कॉफीत तीन चमचे साखर घालते, आणि पावसातून आली की माझ्या कॅफेची फरशी चिखलानं माखून ठेवते. पुसायची कोणी? ओदिलनं. म्हणजे मी.

व्हेर्नोला हे आमचं गाव, कोरेझ जिल्ह्यातलं. चर्चसमोर माझा कॅफे, कॅफेसमोर गावचं कार्यालय, बाकी सगळी तांबडी गुरं. लुसेटनं इथे आणि भोवतालच्या वाड्यांवर एकतीस वर्षं पत्रं वाटली. आधी सायकलवर. मग वरून हुकूम आला आणि तिला पिवळी मोटार मिळाली. "मोटार डांबरावरनं जाते, माणसं डांबरावर राहत नाहीत," असं ती वरिष्ठांना तोंडावर म्हणाली होती. मोटार ती फाट्यावर लावायची, मागचं दार उघडून स्वतःची सायकल काढायची आणि पाणंदींनी निघायची. पहाटे सहाला. आमच्याकडे दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या अशा जुन्या गाडीवाटा इतक्या आहेत, की नकाशा काढणारासुद्धा मध्येच कंटाळला असावा. लुसेटला त्यांतली एकेक पाठ होती.

निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, चला, आता बाई गप्प बसेल. कसली बसते! लिमोजला गेली आणि नवी सायकल घेऊन आली. ग्रॅव्हल म्हणतात तिला. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाडजूड. खडी, माती, मुळं, कशावरूनही चालते.

मी म्हटलं, "अगं, साठीला आलीस. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे चालताना दुखतात, पेडल मारताना नाही. तूही घे एक."

"माझं बूड त्या सीटवर मावेल का, ते आधी बघ."

मग तिनं मार्ग आखायला घेतले. माझ्या कॅफेच्या दारातून निघायचं आणि तिथेच परत यायचं, असे सात. हल्ली कोणीही उठतो, घरी बसून फोनवर चार रेघा ओढतो आणि जगाला सांगतो, या रस्त्यानं जा. मग लोक जाऊन पडतात कोणाच्या तरी शेणाच्या खड्ड्यात. लुसेट तसली नाही. प्रत्येक पाणंद ती तीनदा करायची. एकदा पावसानंतर, एकदा उन्हाळ्यातल्या धुरळ्यात, आणि एकदा उलट्या बाजूनं, कारण तिचं म्हणणं, उताराला सगळेच शूर असतात. शिवाय ज्याच्या शेतावरून वाट जाते त्या प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून, त्याच्या बायकोच्या हातचा चेरीचा केक बियांसकट खाऊन परवानगी. मग तो मार्ग फोनवर चढायचा आणि सोबत तिच्या सूचना. त्या वाचायला तर मला भारी मजा येते. "पाचव्या किलोमीटरला कुत्रा. नाव पोंपों. भुंकेल. नावानं हाक मारा, गप्प बसतो." किंवा, "फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करा. अक्कल पाजळू नका."

चार वर्षांत लोक कुठून कुठून यायला लागले. लिओंहून, बेल्जियमहून. शनिवारी माझ्या भिंतीला वीस-वीस सायकली टेकलेल्या. गावात चार घरांनी खोल्या काढल्या पाहुण्यांसाठी. हे सगळं त्या एका बाईच्या पायांवर उभं राहिलं, आणि हे मी कोणापुढेही ठणकावून सांगेन.

एकच खोट होती. सातवा मार्ग, सगळ्यात मोठा, नव्वद किलोमीटरचा. तो खाली नदीवरच्या पडक्या गिरणीपाशी उतरतो, आणि तिथून माळावर चढायचं असतं. चढायला सरळ वाट आहे: गिरणीची पाणंद. दोन किलोमीटर, वर चेस्टनटची सावली, खाली बारीक खडी अशी दाबून बसलेली की आजीबाईसुद्धा चढून जाईल. पण लुसेटचा मार्ग त्या पाणंदीनं जात नव्हता. तो मोठ्या रस्त्याला लागायचा आणि चार किलोमीटर ओंडक्यांच्या लॉऱ्यांच्या सोबतीनं माळावर पोचायचा. येणारा प्रत्येक जण विचारी, "मादाम, ती पाणंद का नाही घेतलीत?"

"चिखल असतो," लुसेट म्हणायची.

चिखल! त्या पाणंदीत चिखल कोणी बघितला असेल तर मी माझा कॅफे त्याच्या नावावर करते.

खरं कारण सेप. सेप म्हणजे आमच्याकडची जंगली अळंबी: जाड देठ, पावाच्या कवचासारखी तपकिरी टोपी. गिरणीच्या पाणंदीच्या दोन्ही अंगांना जे जंगल आहे तिथल्यासारखे सेप सबंध कोरेझात नाहीत. आणि आमच्या गावचा माणूस बाकी सगळं सांगेल, शेजारणीशी काय भानगड आहे तेसुद्धा सांगेल, पण आपली सेपची जागा सांगणार नाही. बाप ती मुलाला सांगतो, तीही मरणाच्या खाटेवरून, आणि कित्येकदा तेवढ्यात उशीर होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे अख्खं गाव त्या पाणंदीत असतं. कोणी मासे धरायची काठी घेऊन जातं, कोणी हरवलेली शेळी शोधायला म्हणून. समोरासमोर आलोच, तर एकानं बांधाकडे तोंड करून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं न बघता पुढे जायचं. पन्नास वर्षं असं चाललंय. त्या पाणंदीत कोणी कोणाला कधी भेटलेलं नाही.

मागल्या वर्षी मोठ्या रस्त्यावर लॉरीच्या वाऱ्यानं एक बेल्जियन बाई सायकलसकट चरात गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. लुसेट तिच्याबरोबर रुग्णालयात जाऊन आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "मी पाणंद मार्गात घालते." असा गलका झाला म्हणता! शहरातले लोक येतील, जंगल साफ करतील, वाट लावतील! सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे कबूल करते. लुसेटनं तो विषय सोडला. तिचीही जागा तिथेच होती ना.

आणि मग या ऑक्टोबरात कार्यालयाच्या दारावर कागद लागला. गायतां पेरिकाल हा आमचा मोठा गोपालक, पंचेचाळिशीचा, माणूस वाईट नाही, पण कुंपण दिसलं की त्याला ते पुढे सरकवावंसं वाटतं. पाणंदीच्या खालच्या अर्ध्याला दोन्हीकडे त्याची कुरणं. त्याला ती पाणंद विकत घेऊन कुरणं एक करायची होती. पाणंदी गावाच्या मालकीच्या, आणि आमच्याकडे कायदा असा, की लोक वापरतात ती पाणंद गावाला विकता येत नाही. वापर थांबला असेल तरच येते. म्हणून चौकशी अधिकारी नेमतात. पंधरा दिवस एक वही उघडी असते, ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं लिहावं.

लुसेट कार्यालयात जाऊन फाईल वाचून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं गं?"

"माझं नाव आहे त्यात."

"म्हणजे?"

"गायतांच्या अर्जात लिहिलंय, परिसरातली प्रत्येक वापरातली वाट लुसेट शास्तां यांच्या सात मार्गांत आलेली आहे. ही पाणंद त्यांत नाही. सबब ती वापरात नाही."

मला आधी हसूच आलं. म्हणजे तिनं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. पाणंद गेली तर सायकली कायमच्या त्या लॉऱ्यांच्या रस्त्यावर, आणि पुन्हा कोणी चरात गेलं तर पाप तिच्या माथी.

ती मुळीच रडली-बिडली नाही. पत्रं वाटायला निघायची तशी निघाली, घरोघर. "वहीत एवढंच लिहा, की तुम्ही पाणंद वापरता."

पहिलं घर फिर्मां बोर्दासचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सुतार. दारात त्याचे बूट, बुटांना चेस्टनटची ओली पानं. आत लसणावर सेप परततायत त्याचा वास रस्त्यापर्यंत. टेबलाखाली टोपली, वर फडकं.

"गिरणीची पाणंद?" फिर्मां म्हणाला. "ती कुठे आली?"

"अहो फिर्मां, तुमचा जन्म गिरणीत झालाय."

"असेल. लहान होतो, आठवत नाही. आणि माझी कंबर बघ, पोरी. मला चर्चपर्यंत जाववत नाही."

दुसरं घर सोलांज बाईंचं. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी, गावाला खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तिकडे मी पंधरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही." आणि चष्मा पुसताना नखांतली काळी माती काही लपली नाही. अशी सात घरं झाली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. लिहायचं म्हणजे लोक विचारणार, वापरता तर कशाला वापरता? कुठवर जाता? आणि थांबता कुठे?

आठवं घर माझं. दुपारी कॅफे रिकामा होता.

"ओदिल, तू तरी लिहिशील?"

आणि मी, चाळीस वर्षांची मैत्रीण, काय म्हणाले? म्हणाले, "लिहिलं असतं गं. पण मी कॅफे सोडून कुठे जाते? मला तिथलं काय माहीत?"

लुसेटनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. "बरं," म्हणाली. अर्धी कॉफी तशीच ठेवून गेली. तिनं अर्धी कॉफी टाकलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होते.

शेवटचा दिवस शनिवार, दहा ते बारा. चौकशी अधिकारी मस्यू व्हिदालें, तूल शहरातले, हडकुळे, जुने जमीन मोजणारे. सभागृहात टेबल टाकून बसले होते. वही कोरी. पण सभागृह भरलेलं हं! लिहायला नाही, सहज इकडून चाललो होतो म्हणून. सगळे हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले. गायतां पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू त्याचं लग्न आहे.

साडेदहाला लुसेट आली. डोक्याला हेल्मेट, पायाला चिखल. कोणाकडे बघितलं नाही. बसली आणि दहा मिनिटं लिहीत राहिली. मग म्हणाली, "मोठ्यानं वाचू का?"

"गरज नाही, मादाम," अधिकारी म्हणाले, "पण मनाईही नाही."

ती उभी राहिली. "मी, लुसेट शास्तां, वय त्रेसष्ट. गिरणीच्या पाणंदीनं मी सहा वर्षांची असल्यापासून जाते. आधी वडिलांबरोबर, मग पत्रं घेऊन, आता सायकलनं. माझ्या मार्गांत ती नाही, कारण मी ती मुद्दाम लपवली. चूक माझी. का लपवली तेही लिहिते. तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला दुभंगलेलं बीचचं झाड आहे. तिथून आत चाळीस पावलं." इथे तिनं वहीचं पान सरळ केलं. "तिथे माझ्या वडिलांची सेपची जागा आहे. त्यांनी ती माझ्या सख्ख्या भावालासुद्धा सांगितली नाही. आज मी सगळ्यांना सांगते आहे. अशा बाबतीत कोणी खोटं बोलेल का, ते साहेबांनी ठरवावं."

मस्यू व्हिदालें कोरेझचेच. त्यांनी चष्मा काढला. "मादाम," ते हळूच म्हणाले, "चाळीस पावलं... हे तुम्ही शाईनं लिहिलंत?"

"शाईनं."

आणि मग भिंतीपासून फिर्मां सुटला. कंबर-बिंबर सगळी विसरला. "चाळीस पावलं! म्हणजे ती तू होतीस! वीस वर्षं मी डोकं फोडतोय, माझ्या आधी पहाटे कोण लेकाचा येऊन चाटूनपुसून नेतो! आणि ही माझ्या दारात येऊन पत्र द्यायची, बोंजूर फिर्मां म्हणून!"

"अहो, पण ती जागा माझ्या वडिलांची."

"तुझ्या वडिलांची? बहात्तर सालापासून ते झाड माझं आहे!"

"तुझं?" गायतां खुर्चीवरून उठला. मानेच्या शिरा ताठ. "त्या झाडाखाली माझ्या आजोबांनी सेप काढलेत, म्हाताऱ्या! गेल्या रविवारी मीच तिथून पाच किलो..."

आणि तो थांबला. तोंड तसंच उघडं.

मस्यू व्हिदालेंनी चष्मा परत चढवला. पेन उचललं. "गेल्या रविवारी. आणि तुम्ही पाणंदीनंच गेलात ना, मस्यू पेरिकाल?"

"मग काय उडत जाऊ?" गायतां ओरडला.

देवाशप्पथ सांगते, असा हशा त्या सभागृहात कधी झाला नसेल. शेवटी गायतांसुद्धा हसला, काय करेल बिचारा. ज्याला ती पाणंद बंद पडलीय म्हणून विकत हवी होती त्याच्याच तोंडचं वाक्य अधिकाऱ्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. फिर्मांनं रागारागानं स्वतः लिहिलं, "बहात्तरपासून." सोलांज बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "त्र्याहत्तर. बहात्तरला तुम्ही पाय मोडून घरात होतात, मी रोज पाणंदीतून जाताना..." आणि त्यांच्याही लक्षात आलं, पण एव्हाना रांग लागली होती. सगळ्यांनी पाणंद कबूल केली. जागा मात्र कोणी सांगितली नाही. गेली ती लुसेटची एकटीची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बीचखाली अकरा टोपल्या होत्या म्हणे.

विक्री तिथेच बारगळली. कागद यायला महिना लागला, एवढंच. सातव्याऐवजी तिनं आखलेला आठवा मार्ग आता त्याच पाणंदीनं चढतो, आणि लॉऱ्यांच्या रस्त्यावर सायकल दिसत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच शनिवारचं. पावणेबाराला लोक पांगले. वहीची चार पानं भरली होती. आता माझ्या लिहिण्याची कोणाला गरज नव्हती, मी सरळ कॅफेत जाऊन दुपारच्या जेवणाचं बघायला हवं होतं. पण मी तिच्या तोंडावर नाही म्हणाले होते, ते काही घशाखाली उतरेना. मला माझी लाज वाटत होती. गेले टेबलापाशी. अधिकाऱ्यांकडून पेन घेतलं. आणि म्हटलं, लिहायचं तर तिच्यासारखं लिहायचं, जागेसकट. लिहिलं: "मी, ओदिल, कॅफेवाली. पाणंद वापरते. वरच्या टोकाला पडक्या चौथऱ्यामागे चेस्टनटची रांग आहे, तिथे तिसऱ्या झाडाखाली."

मागून लुसेट वाचत होती ते मला कळलंच नाही.

"चौथ्या," ती म्हणाली.

"काय?"

"चौथ्या झाडाखाली, ओदिल. तिसऱ्याखाली काही उगवत नाही."

मी वळले. एक झाड मी मुद्दाम अलीकडचं लिहिलं होतं, ते हिनं पकडलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा वर्षं. सकाळी सहाला त्या पाणंदीनं पत्रं घेऊन कोण जायचं? तुझी माहीत आहे, फिर्मांची दुसरी माहीत आहे, सोलांज बाईंच्या तिन्ही माहीत आहेत."

"आणि तू कधी हात नाही लावलास?"

"तुझ्या जागेला? वेडी का काय तू?"

मला राग आला. खरंच आला. "मग टाकायचं होतंस की सगळ्यांचं लिहून! आमची नावं, आमची झाडं! पहिल्याच दिवशी जिंकली असतीस. आठ घरं हिंडलीस, आम्ही तोंडावर खोटं बोललो आणि तू ऐकून घेतलंस! आपली जागा कशाला घालवलीस?"

लुसेटनं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला.

"तीच एक माझी होती गं सांगायला," ती म्हणाली.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. मस्यू व्हिदालें वही मिटायला थांबले होते, खिडकीबाहेर बघत, काही ऐकलं नाही असं दाखवत. मी 'तिसऱ्या' खोडलं, वर 'चौथ्या' लिहिलं आणि सही केली.